बेअरिंग बसेपर्यंत

या खेपेलाही थोरला बाहेरच्या जिन्यानंच वर गेला. दुकानाच्या दारावरून जाताना त्यानं मान वळवली नाही. बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि लोखंडी पायऱ्या वाजवत तो वरच्या खोल्यांकडे निघून गेला.

वहिनी तेव्हा ग्राइंडरवर होती. पायऱ्यांचा आवाज तिनं मशीनच्या घरघरीतूनही ओळखला. छातीत काहीतरी हललं, पण हात हलवता येत नव्हता. इंजिनाचा क्रँक फिरत होता, घासायचा दगड त्याला टेकलेला होता. अशा वेळी लक्ष उडालं की क्रँकवर वळ उठतो, मग तो वळ काढायला आणखी खाली जावं लागतं आणि सगळी मापं बदलतात. तिनं हात पूर्ण केला. दगड मागं घेतला, पाणी बंद केलं, मायक्रोमीटर लावून माप बघितलं आणि मगच चिंधी उचलली. वर्षभर ज्या माणसाची वाट बघितली त्याला आपण एका क्रँकसाठी ताटकळत ठेवलं, याचा तिला रागही आला आणि थोडं हसूही.

"जा वर," कोपऱ्यातल्या स्टुलावरून तिचे सासरे, नाना, म्हणाले. "क्रँक काही पळून जात नाही."

दुसरं कोण पळून गेलं होतं, ते म्हातारा बोलला नाही. त्याची गरजही नव्हती.

ती गोष्ट घरात कुणी काढत नसे, आणि विसरलंही कुणी नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी थोरल्यानं एका बसचं इंजिन बांधून बंद केलं होतं. गिऱ्हाईक न्यायला आलं, तेवढ्यात नानांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी सगळ्यांदेखत ते पुन्हा उघडायला लावलं. एकेक बेअरिंग, एकेक रिंग बघितली. खोट काढायला जागा नव्हती. "ठीक आहे, बंद कर," एवढंच म्हणाले. थोरल्यानं शेवटच्या नटापर्यंत ते पुन्हा बंद केलं, साबणानं हात धुतले आणि वर गेला. महिन्याभरात त्यानं लांबच्या एका खाणीच्या वीजघरात नोकरी धरली. तिथं एकट्या माणसांच्या बराकी, बायकोला नेण्याची सोय नाही. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, वरच्या दोन खोल्यांत राहायचा, आणि सुट्टी संपली की जायचा. दुकानात मात्र त्यानं पाय टाकला नाही. नानांचे गुडघे गेल्यापासून ते खालीच झोपत. बाप-लेकांमधलं बोलणं असं जिन्यातच अडकलं होतं.

आणि वहिनी खाली उतरली होती. आधी चहा घेऊन. मग नानांची नजर अधू झाली तेव्हा दिवा धरायला. दिवा धरणाऱ्याला मिस्त्री बघतो तेच बघत उभं राहावं लागतं, आणि बघता बघता हात शिवशिवायला लागतात. पहिल्यांदा तिनं व्हॉल्व्ह घासले, मग लायनर, मग एक दिवस नाना म्हणाले, "आज मापं तू घे, मी फक्त लिहितो." तेव्हापासून ग्राइंडर तिचा झाला. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा म्हणून ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, पलीकडचा टायरवाला, सगळेच वहिनी म्हणायला लागले. तिचा नवरा त्यांच्यातल्या एकाचाही भाऊ नव्हता, पण वहिनी ती सगळ्यांची होती.

वर माईंनी लेकासमोर चहा ठेवला होता. सुनेला बघून त्या उठल्या, "मी जरा कपडे काढते गच्चीवरचे," म्हणाल्या आणि गेल्या. गच्चीवर कपडे नव्हते, हे तिघांनाही माहीत होतं.

थोरला बघत राहिला. तो थोडा वाळला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याच्या अंगाला वेगळ्याच ग्रीसचा वास येत होता, दरवर्षीसारखा. पहिला दिवस त्या वासाची सवय होण्यात जायचा, आणि सवय झाली की जायची वेळ यायची.

"हात बघू," तो म्हणाला. तिच्या अंगठ्यावरची चीर त्यानं बोटानं चाचपली. "हे कशानं?"

"पिस्टनच्या रिंगेनं. काही नाही."

"आता असलं काही लागणार नाही." त्यानं हात सोडला नाही. "क्वार्टर मिळाली मला. दोन खोल्या, मागं मोकळी जागा. दिवसभर पाणी असतं नळाला. या वेळी तुला घेऊनच जायचं म्हणून आलोय."

हे वाक्य तिनं किती वेळा मनातल्या मनात ऐकलं होतं. झोपायच्या आधी, उशीच्या रिकाम्या बाजूकडे तोंड करून, ती ते त्याच्या आवाजात म्हणून बघायची. आता ते खरंच कानावर आलं, आणि तिला आधी दिसली ती स्वतःची नखं. काळी, कितीही धुतली तरी तशीच.

"बोलत नाहीस?"

"लाँचचं इंजिन आलंय खाली," ती म्हणाली. म्हणायचं ते नव्हतं, पण तोंडातून तेच निघालं.

लाँच नदीपलीकडच्या वस्तीला जोडणारी होती. इंजिनाला तेल पुरलं नाही, बेअरिंगं वितळली आणि लाँच काठाला बांधून पडली. पलीकडची माणसं आता लांबच्या पुलावरून वळसा घालून येत होती. लाँचवाला रोज दुकानाच्या दारात येऊन उभा राहायचा. "पलीकडच्यांना वाटतंय मी मेलो," तो म्हणायचा, "आणि बायकोला वाटतंय मी दारू प्यायला लागलो. दोघांनाही काय सांगू ते सांगा."

*

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. धाकट्यानं सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं होतं, पण कुठं बसायचं यावरच घोडं अडलं.

"दुकानाबद्दल बोलायचंय ना?" नानांनी खालून विचारलं. "मग दुकानात बोला."

शेवटी माई शर्टाचं बटण लावायचं काम घेऊन खोक्यावर बसल्या. धाकटा चेनपुलीच्या साखळीला रेलून उभा राहिला. थोरला आतल्या जिन्यानं उतरला आणि खालच्या पायरीवरच बसला. पाय पायरीवर, दुकानाच्या फरशीवर नाहीत. वहिनीनं ते बघितलं आणि नजर कामाकडे वळवली.

कामही थांबलेलं नव्हतं. "उघडं इंजिन समोर ठेवून मी रिकाम्या हातानं गप्पा मारणार नाही," असं नानांनी आधीच सांगितलं होतं. स्टँडवर लाँचचा ब्लॉक उलटा ठेवला होता. बेअरिंगांत नवा धातू ओतून आणला होता आणि आता तो क्रँकच्या मापानं हातानं बसवायचा होता. क्रँकला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, तो बेअरिंगांत उतरवून फिरवायचा, पुन्हा उचलायचा. बेअरिंगवर जिथं निळं लागलं ती जागा उंच. तेवढीच जागा अर्धगोल स्क्रेपरनं खरवडायची. पुन्हा निळं, पुन्हा क्रँक. निळं सगळीकडे सारखं उमटेपर्यंत हेच.

"मी सरळच बोलतो," धाकटा म्हणाला. "हल्ली इंजिन कोण बांधून घेतं? नवं पेटीतून येतं, जुनं भंगारात जातं. टायरवाल्याला गोदामासाठी जागा हवीय. देऊन टाकू. नाना, तुमची नजर राहिली नाही. माझा हात या कामाला नाही, हे तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात."

"खोटं नाही सांगितलं," नाना म्हणाले.

"नाहीच ना. मग चालवायचं कुणी? वहिनीनं एकटीनं?"

"ती इथं नसणार," पायरीवरून थोरला म्हणाला. तो माईंकडे बघून बोलत होता, पण सांगत होता नानांना. "माई, मी तिला न्यायला आलोय. धाकट्याचं बरोबर आहे. बंद करा."

माईंनी दोरा दातानं तोडला.

"दोघं आधीच ठरवून आलेले दिसता," नाना म्हणाले. "पोरं लहानपणी एकमेकांचं ऐकायची नाहीत. आता मात्र अगदी एका माळेचे मणी."

"नाना, टोमणे नकोत," धाकटा म्हणाला.

"टोमणा नाही. आनंद झाला म्हणून सांगतोय." म्हाताऱ्याचा आवाज कोरडा होता. "क्रँक सोड खाली. निळं वाळेल."

वहिनी स्क्रेपर तसाच धरून, दुसरा हात ब्लॉकच्या कडेवर ठेवून जरा बाजूला सरकली. आपल्याबद्दलच हे सगळं चाललंय, आणि आपण मात्र स्क्रेपर धरून उभ्या, याची तिला गंमत वाटली नसती तर रडू आलं असतं.

धाकटा साखळी ओढायला लागला. क्रँक पट्ट्यात आडवा लटकत हळूहळू खाली येत होता. "मी काय म्हणतो, टायरवाला माणूस चांगला आहे," तो बोलत होता, आणि बोलताना मान नानांकडे वळली होती. पट्टा एका बाजूला सरकला. क्रँकचं एक टोक झुकलं. एवढं वजन तिरकं येऊन नुकत्या खरवडलेल्या मऊ धातूवर आपटलं असतं तर दोन दिवसांचं काम मातीत गेलं असतं, आणि वहिनीची बोटं ब्लॉकच्या कडेवर होती.

थोरला पायरीवरून कसा उठला ते कुणालाच दिसलं नाही. त्याचा खांदा क्रँकच्या झुकलेल्या टोकाखाली होता, एक हात पट्ट्यावर. "साखळी धर," तो धाकट्याला म्हणाला, आवाज न चढवता. "आता वर. थोडा. बस. तू बोटं काढ आधी."

वहिनीनं बोटं काढली.

"आता खाली. हळू. अजून हळू. माझ्या बाजूनं येऊ दे. हां."

क्रँक बेअरिंगांत बसला. दिवे गेल्यावर दुकानात होतं तसं सगळं एकदम शांत झालं. थोरल्याच्या शर्टावर खांद्याला निळा पट्टा उठला होता. त्यानं तो बघितला, हाताकडे बघितलं, फरशीवरच्या आपल्या पायांकडे बघितलं. मग वहिनीला विचारलं, "निळं जास्त लावलंस का?"

"नाही. बोटानं पसरवलंय."

"मग फिरवू?"

"फिरवा."

धाकट्यानं साखळी अडकवली आणि माईंच्या शेजारी खोक्यावर येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता. माईंनी शिवायचं काम बाजूला ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोरला क्रँक फिरवत होता. उचलला की वहिनी वाकून बघायची, खरवडायची. तिच्या हाताखालून धातूची पातळ कातण निघत होती, नखाच्या कापासारखी. तो बघत होता.

"स्क्रेपर नानांसारखा धरतेस," तो थोड्या वेळानं हळूच म्हणाला.

"मग काय तुमच्यासारखा धरू?" तिनं मान वर केली नाही. "तुम्ही होतात कुठं शिकवायला?"

त्यानं क्रँक पुन्हा फिरवला. लागावं म्हणून ती बोलली नव्हती, पण लागलं. पुढच्या वेळेस क्रँक उचलताना त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि त्यानं तो लगेच काढून घेतला नाही.

बराच वेळ झाल्यावर नाना स्टुलावरून म्हणाले, "कुठवर आलं?"

वहिनीनं मुद्दाम स्क्रेपर पुसायला घेतला.

"मधलं अजून बसायचंय," थोरला म्हणाला. इतक्या वर्षांत तो बापाशी थेट बोलला ते हे. "बाकीची जमली. येऊन बघता?"

नाना उठले नाहीत. "मला आता निळं आणि काळं एकच दिसतं. तुम्ही दोघं म्हणाल ते खरं."

थोरल्यानं मान हलवली. मग तो क्रँककडे वळला.

*

मग जे दिवस आले ते वहिनीला पुढं कितीतरी वेळा आठवले. फार नव्हते. सकाळी दोघं बरोबर खाली उतरायची. त्यानं सिलिंडरच्या लायनरला आतून घासायचा होन फिरवला, तिनं त्यावर उमटलेल्या तिरक्या रेघा बोट लावून तपासल्या. तिनं रिंगांच्या फटी मोजल्या, त्यानं पिस्टनवर चढवल्या. काम करताना दोघं फार बोलत नव्हती. "दे", "धर", "थांब", एवढंच. पण इतकी वर्षं सुट्टीत वरच्या खोलीत बसून दोघं एकमेकांना काय सांगावं ते शोधायची, वर्षभराचं साठवलेलं बोलणं पहिल्या संध्याकाळीच संपायचं, आणि मग नुसतं बसणं उरायचं. इथं काहीच सांगायचं नव्हतं आणि काहीच उरत नव्हतं. तो हेड बसवताना मधल्या नटापासून बाहेरच्या नटांकडे जात एकेक आवळायचा, आणि ती त्याच्या मानेवरचा घाम बघत उभी राहायची. हा माणूस आपला आहे, असं तिला लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतसुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

लाँचवाला दारात येऊन बघून गेला. "आता बोलायचं काम नाही," म्हणाला. "दोघं देवासारखी उभी आहेत. मी बायकोला सांगतो, दोन दिवस."

इंजिन बांधून बंद झालं त्या दुपारी जेवणं दुकानातच झाली. हात धुऊन थोरला म्हणाला, "दुकान बंद करू नका."

धाकट्यानं घास तसाच धरला. "दादा, परवा तर तू—"

"परवा बोललो. आज हे बोलतोय. पुढची खोली तुझ्याकडे घे, सुटे भाग विक, त्यात तुझं डोकं चालतं. मागचं चालू राहू दे."

"बंदच करा," नाना म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"टायरवाल्याला देऊन टाका. मशीनं तेल लावून झाकून ठेवा, नाहीतर विका. आणि सुनेला घेऊन जा तू. तिनं किती वर्षं माझा दिवा धरायचा?" त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मी काही असा मोठा माणूस नाही की माझ्यासाठी कुणी संसार ठेवून द्यावा."

"नाना, पण दुकान—"

"दुकान माझं आहे. मी सांगतो ते ऐक."

"आयुष्यात एकदा तरी मी म्हणतो ते तुम्ही ऐका."

"एकदा ऐकलं. निळं बघायला न उठता तुझं खरं मानलं."

माईंनी ताट बाजूला सारलं. "झालं तुमचं? एक म्हणतो ने, दुसरा म्हणतो ठेव. मग पहिला ठेव म्हणायला लागला की दुसरा ने म्हणतो. ती काय चेनपुलीला लटकलेला क्रँक आहे? तिच्या तोंडाला कुलूप नाही. विचारा की."

कुणी विचारलं नाही. "उद्या लाँच चालू होऊ दे," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

वर गच्चीवर माई तिच्या मागोमाग आल्या. पायऱ्या चढून त्यांना दम लागला होता. कठड्याला धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर सावल्या लांब झाल्या होत्या.

"जायचं तर जा," माई म्हणाल्या. "वय थांबत नाही. माझ्याकडे बघून राहू नकोस, आणि यांच्याकडे बघून तर मुळीच नको."

"माई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं. मी या दुकानाच्या वर जन्म काढला. खाली यांचं काय चाललंय ते आवाजावरून ओळखायचे. ग्राइंडर थांबला की भात टाकायचा, हातोडी वाजायला लागली की उशीर होणार. तू खाली गेलीस ना, तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता. बोलले नाही." त्या हसल्या. "तुला नवरा हवाय, तर नवऱ्याकडे जा. पण वरच्या खोलीत बसून त्याच्या कामाचा आवाज ऐकायला जाऊ नकोस. ते मी करून झालंय."

*

संध्याकाळी तिनंच विषय काढला. तो खिडकीपाशी बसून बुटांची नाडी बदलत होता.

"तिथं मला वीजघरात येऊ देतील?"

"बाहेरच्या माणसाला फाटकाच्या आत सोडत नाहीत."

"आणि आजूबाजूला कुठं असं काम?"

"खाणीची वसाहत आहे ती. दुसरं काही नाही." त्यानं नाडी ओढली. "तुला काम करायची गरजच काय पडणार? घर असेल. संध्याकाळी मी येईन."

"ते माहीत आहे. तुम्ही संध्याकाळी येताय, एवढं एक मनात धरून मी इतकी वर्षं काढली. पण दिवस उरतो हो."

त्यानं बूट खाली ठेवला. मग मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे नाही."

"नाही म्हणत नाहीये मी. मला तुम्ही हवेत." हे बोलताना तिचा आवाज फुटला आणि तिनं तो फुटू दिला. "इतके हवेत की पायऱ्या वाजल्या की माझा हात चुकतो. पण कालपरवाचे तुम्ही हवेत, अंगाला निळं लागलेले. ते त्या दोन खोल्यांत मला सापडतील का? आणि मी तुम्हाला तिथं सापडेन का? नखं स्वच्छ केलेली बाई तुमच्यासमोर बसेल, आणि तिला काय बोलावं ते सुचणार नाही."

"माझा करार आहे. लगेच सोडून येता येणार नाही. आणि सोडून आलो तरी नाना आणि मी..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "चार दिवस वेगळे, रोजचं वेगळं."

"मी कुठं म्हणतेय लगेच."

"मग मी क्वार्टर घेतली कशाला?"

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी हातात घेतली, पण ओवली नाही. त्या संध्याकाळी दोघं जेवताना बोलली नाहीत. आधीच्या सुट्ट्यांत दोघं न बोलता बसायची तसं मात्र हे नव्हतं. त्या वेळी बोलायला काही नसायचं, आज सगळंच होतं.

*

लाँचमध्ये बसवलेलं इंजिन सकाळी पहिल्याच झटक्याला लागलं नाही. दुसऱ्यांदा खोकलं, काळा धूर सोडला, आणि मग चालायला लागलं. काठावर माणसं जमली होती, लाँचवाल्याची बायकोसुद्धा. धाकट्यानं नानांना गाडीतून आणलं होतं आणि हाताला धरून फळीवरून आत नेलं. म्हाताऱ्यानं एक लाकडी दांडी इंजिनाच्या अंगाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. आतलं बेअरिंग बडबडत असेल तर दांडीतून कळतं. थोरला आणि वहिनी समोर उभी होती. नाना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर दांडी सरकवत गेले, मधल्या बेअरिंगपाशी जास्त वेळ थांबले. मग त्यांनी दांडी कानापासून काढली.

"पाणी बघा, तेल बघा," ते म्हणाले. "आणि पहिल्या फेरीला जोर देऊ नका."

थोरल्याची सुट्टी संपायला अजून दिवस होते. पण सकाळी उठून त्यानं बॅग भरली होती. करारातून सुटायचं तर वरिष्ठांना भेटून बोलायला हवं, म्हणाला, आणि ते लगेच केलं नाही तर आपण पुन्हा वर्षभर नुसतं ठरवत बसू. तो खरंच त्यासाठी चालला होता की रागानं, ते वहिनीला कळलं नाही. कदाचित त्यालाही कळलं नसेल. पलीकडच्या काठावरून खाणीकडे जाणारी बस मिळायची.

फळीपाशी ती त्याच्यासमोर उभी राहिली. आजूबाजूला इतकी माणसं होती की नीट बोलता येईना.

"सुटका मिळेल असं नाही," तो म्हणाला. "आणि मिळाली तरी वेळ लागेल."

"लागू दे." मग तिला ते इतकं सोपं ठेववेना. "पण वर्षभर नको. आता वर्षभर नाही व्हायचं माझ्याच्यानं. मधे या. दोन दिवसांसाठी या, पण या."

त्यानं तिच्या मनगटाला हात लावला, सगळ्यांसमोर, आणि आत गेला.

लाँचवाल्यानं दोर सोडला. लाँच काठापासून निघाली, फेस मागं पडायला लागला. वहिनी डेकवर त्याला शोधत होती. माणसं होती, बोचकी होती, कठड्याला टेकलेली दोन पोरं होती. तो नव्हता. सुकाणूपाशी उभ्या लाँचवाल्याकडे तिनं बघितलं. त्यानं हसून अंगठ्यानं खाली, इंजिनाच्या खोलीकडे खूण केली.

नदीच्या मध्याकडे जाताना लाँचवाल्याला उत्साह आला असावा, कारण इंजिनाचा आवाज एकदम चढला. काठावर परतलेले नाना पुटपुटले. आणि तेवढ्यात आवाज उतरला. कुणीतरी खालून तो उतरवला होता, सावकाश, आणि मग तसाच एकसारखा ठेवला. वहिनीला तो हात इथूनही दिसत होता.

पलीकडे लाँच टेकली. माणसं उतरली, त्यातला कोणता तो हे इतक्या लांबून सांगता येईना. धुळीत बस उभी होती. थोड्या वेळानं ती हलली आणि झाडांमागं गेली. लाँच पुन्हा इकडे वळली. इंजिनाचा आवाज पाण्यावरून येत होता, आधी पुसट, मग स्पष्ट, एकही ठोका न चुकता जवळ जवळ येत होता. वहिनी उभी राहून तो ऐकत राहिली. माणूस दूर जात होता.